चौथ्या डब्याची मागची बाजू

बाबा, काल संध्याकाळी मी तुमच्या पत्र्याच्या आगगाडीचा चौथा डबा वळवला. सहा वर्षं तो माझ्या खोलीतल्या फळीवर उभा आहे, चंदेरी बाजू पुढे आणि मागची भिंतीला, जशी तुमची सगळी गाडी आपल्या क्वार्टरमध्ये उभी असायची. वळवायला कारण घडलं. कचेरीतल्या एका जुन्या पुस्तकात त्या गाडीच्या शयनडब्याचा वरून काढलेला नकाशा सापडला. मी तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला. तुमचं बरोबर होतं.

तुमच्याजवळ फक्त एक चित्र होतं. रद्दीत आलेल्या परदेशी मासिकाचं पान, त्यावर बाजूने दिसणारी ती पोलादी गाडी, अंगावर आडव्या पन्हाळी, सगळे कोपरे वाऱ्याने घासून गोल केल्यासारखे. वर्ध्याच्या रेल्वे यार्डात दिवसभर डब्यांखाली वाकून, हातोडीने चाकं वाजवून आवाज ऐकणारे तुम्ही, ड्यूटीवरून आलात की चहा घेऊन त्या पानासमोर बसायचात. आई गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरात बोलण्यापेक्षा कातरीचा आवाज जास्त असे. चाक तीन फुटांचं धरून तुम्ही माप काढलं होतं: एका फुटाला पाव इंच, डबा सव्वाएकवीस इंच. तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर बोथट सुरीने पट्टी धरून ओढलेल्या पन्हाळी, खिडक्यांना एक्स-रेची जुनी फिल्म. फिल्म सोड्याने धुऊन स्वच्छ करायचं काम माझं. मी नववीत आहे, बोटं भेगाळली आहेत, आणि तुम्ही धुतलेली फिल्म उजेडाकडे धरून एक डाग दाखवता. मी पुन्हा धुते. त्यात मला काही वाईट वाटत नाही.

पण प्रत्येक डब्याची एकच बाजू व्हायची. मागे कोरा पत्रा. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "चित्रात दिसत नाई ना ते बाजू. पाह्यल्याबिगर कशी बनवू?" यार्डातही तुमचा तोच नियम होता. गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालून आल्याशिवाय तुम्ही कधी सही केली नाही. एकदा मला सोबत नेलं होतं. नादुरुस्त डब्यांवर तुम्ही पिवळ्या खडूने लिहीत होता, कशावर 'सिक', कशावर 'कंडम'. फरक विचारला. "सिक म्हंजे दवाखान्यात जाऊन परत येते, बाई. कंडम म्हंजे गेली."

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाची उन्हाळ्याची सुटी. तुम्हाला आठ दिवस पुलगावला बदली ड्यूटीवर पाठवलं होतं. मी घरात एकटी. चौथ्या डब्याची मागची बाजू मी त्या आठ दिवसांत पूर्ण केली. पुढची बाजू कागदावर काढली, कागद उलटा केला, पत्र्यावर गिरवला. एकाही खिडकीत सुताचाही फरक नव्हता. तुम्ही आलात, हातपाय धुतले, डबा हातात घेतला, खिडक्यांवरून अंगठा फिरवला. मी कौतुकाची वाट पाहत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

"जे पाह्यलं नाई ते काऊन बनवलं?"

मी म्हटलं, दोन्ही बाजू सारख्याच असणार. तुम्ही हसलात. "फर्स्ट क्लासमदे एका बाजूनं खोल्या राह्यते अन् एका बाजूनं गल्ली. खिडक्या सारख्या कशा येतीन? तू कधी बसली नाई त्यात, म्हणून."

हसण्यात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी सरळ आवाजात म्हटलं, "तुम्ही तरी कुठे बसलात? तुम्ही तर फक्त खालून पाहिलंय."

तुम्ही डबा फळीवर ठेवला, माझी बाजू भिंतीकडे करून. मग वरण गरम आहे का विचारलं. सुटी संपेपर्यंत तुम्ही पानासमोर बसला नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. दिवाळीला मी होस्टेलवरून घरी आले नाही. प्रॅक्टिकल आहे म्हणून कार्ड टाकलं. पौषात तुमच्या साहेबांची तार आली. क्वार्टर रिकामं करताना मी पाचही डबे तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळले. चौथ्याची मागची बाजू मुद्दाम पाहिली नाही. तुम्ही ती उचकटून काढली असेल, असं मी धरून चालले होते.

काल पाहिली. माझी बाजू जागेवर आहे. खिडक्यांच्या खाली पिवळ्या खडूने, थोडं फिसकटलेलं, तुमच्या अक्षरात 'सिक' लिहिलं आहे. त्याखाली तारीख आहे, जशी तुम्ही यार्डात घालायचात. ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली आहे.

आज रविवार. नकाशावरून नवा पत्रा कापला, गल्लीच्या बाजूच्या खिडक्या आखल्या, तीनदा मोजल्या. माप बरोबर आहे. आता फक्त जुनी बाजू काढायची आहे, आणि दुपारपासून मी हातात पक्कड घेऊन बसले आहे.

बाबा, त्या दिवाळीत प्रॅक्टिकल नव्हतं. सगळ्या मुली घरी गेल्या होत्या. मेसमध्ये स्वयंपाकाच्या बाई आणि मी, दोघीच जेवत होतो.