सिहोऱ्यातले दोन एलियन

प्रिय नील्या,

आज शिव्या देत नाही, काहून ते शेवटी समजंल. बाकी धानाचा रोवणा उरकला. आपल्याकडं रोवायले येणारी देवकाबाई तुले विचारत होती. तिचा पराक्रम आठवते का? आपण बांधीतल्या चिखलात आयरिश भाषेचा पाठ घोकून राहिलो होतो, अन् तिले वाटलं, दोघांच्याही अंगात आलं. भर रोवण्यात तिनं आपल्यावरून लिंबू उतरवला, मिरच्या जाळल्या. तू खोकत खोकत तिचे आभार आयरिशमध्येच मानले, तर बाईनं अजून एक लिंबू कापला!

खूळ तुझंच. शाळेपासून आपण एलियनच्या गोष्टींवर मरणारे. मग आपलीच कादंबरी लिहायले बसलो, तर त्या ग्रहावरचे लोक बोलतील काय, इथंच गाडी अडली. तू म्हणाला, इंग्रजी तर पिक्चरमधले सगळेच एलियन बोलतात, आपले आयरिश बोलतील, सिहोऱ्यात कोणाच्या बापाले कळणार नाही. मोबाइलवर शिकाले लागलो. पहिल्याच पाठात तू उड्या मारल्या, अबे, यांचाही 'तू' म्हणजे तूच! कादंबरी राहिली बाजूले, आपणच एलियन झालो. पानठेल्यावर कोणाची खेचायची तर आयरिशमध्ये. तुझी आई, आपल्या कौशल्याकाकू, जेवायले शोधत आल्या की मी दुरून हाक मारायचो, 'तार अवाल्या', म्हणजे घरी ये. तू कुठंही असला तरी ओरडायचा, 'ता मे एग त्याख्त', येऊन राहिलो. अन् यायचाच.

पुढचे पाठ मी केले नाही. एकटा कोणाशी बोलू, बैलाशी? साऱ्या जिल्ह्यात आपल्याले माहीत असलेले आयरिश बोलणारे दोघंच, अन् त्यातला एक वरठीहून ड्युटी करून येता येता गाईले वाचवायले गेला, गाडीवरून पडला, तेव्हापासून डोळे मिटून आहे. दवाखान्यात तुझ्या वॉर्डात घरच्यांनाच सोडतात. चौकीदाराले सांगितलं, मी भाऊ आहो. त्यानं आडनाव विचारलं, अन् मी माझंच सांगून बसलो. लय चीड येते बे. तू वर, मी खाली, अन् मले काही म्हणजे काही करता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, त्याच्याशी ओळखीचं बोला. काकू रोज बोलतात, तू हलत नाही. म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती वर पाठवून राहिलो. काकू, तुम्हीच वाचून राहिल्या ना हे? रडू नका आता. शेवटची ओळ त्याच्या कानाशी वाचा, लिहिली तशीच, हळू. मग थांबा, त्याच्या ओठांकडे पाहा. त्यानं काय म्हणायचं, ते तुम्हाले आता माहीत आहे. नुसते ओठ हलले तरी खिडकीतून हात दाखवा. मी गेटपाशी बसून आहो.

तुझाच,
प्रितम

तार अवाल्या, नील्या. तार अवाल्या.