परक्याची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

धाकटीचा फोन आला. हिची बहीण. मी आवाज ओळखलाच नाही आधी, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा. ही फोन ठेवून ओट्याशी नुसती उभी राहिली. गॅसवर चहा उतू गेला तरी हलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला तिच्याकडे न्या. ती असेपर्यंत न्या."

बसने न्यावं तर हिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्या बाकड्यावर तासन्‌तास बसणं हिला जमायचं नाही. शिवाय बस डोंगराच्या पायथ्याशी सोडते आणि धाकटीचं घर पार वर. म्हटलं, टॅक्सी करू. तर म्हणाली, "परक्या माणसाच्या पाठीमागे बसून मला रडता येत नाही. तुम्ही चालवा."

मी!

इस्पितळाच्या धुलाईची व्हॅन चालवली जन्मभर, हे खरं. पण तेच रस्ते, तीच वळणं आणि मागे चादरींची गाठोडी. गाठोड्याला धक्का बसला तर ते कण्हत नाही. आमची स्वतःची गाडी विकूनही वर्षं झाली. आता घ्यायची म्हणजे भाड्याची. परक्याची वस्तू! शेजाऱ्याची शिडी आणली तरी परत नेऊन देईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

हो म्हणालो. म्हणजे मान हलली माझी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जावयाला फोन केला. तो नेहमी गाड्या भाड्याने घेऊन फिरतो. म्हणाला, "बाबा, काही नाही हो त्यात." आणि मग चांगला अर्धा तास ते 'काही नाही' सांगत बसला.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढा. जुना ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे दाखवा, नाहीतर तो तुमच्या गळ्यात पडेल. टाकी जेवढी भरलेली मिळाली तेवढीच भरून परत द्या. विमा असतो, पण काच आणि टायर त्यात धरत नाहीत, ते विचारून घ्या. उशीर झाला तर आणखी एका दिवसाचं भाडं. कागदावर ज्याचं नाव त्यानेच चालवायची. "आणि बाबा, सही करण्याआधी सगळं वाचा बरं का!"

वाचा म्हणे! सातवीत शाळा सुटली माझी. बारीक छापलेलं काही समोर आलं की ओळी एकमेकींवर चढतात आणि मला घाम फुटतो. जावयाला हे माहीत नाही. हिला माहीत आहे.

ही आतून ओरडली, "काय म्हणाले जावई?"

म्हटलं, "काही नाही त्यात, म्हणाले."

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो गाड्यांच्या कचेरीत. काचेचं दार, आत नको इतकं गार. काउंटरवर एक बाई, केस घट्ट बांधलेले. माझं लायसन पाहिलं, उलटून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लायसनवरच्या फोटोत मला केस आहेत.

"माझं वय चालेल का?" मी विचारलं.

"लायसन चालू आहे ना? मग चालेल."

"नक्की? पुन्हा बघा हवं तर."

"काका, चालेल."

गाडी ठरली. अनामत भरायला कार्ड मागितलं, मी दिलं. त्यावर नाव हिचं. बाईने ते काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलं. चालवणार तुम्ही, तर कार्डही तुमच्याच नावाचं लागतं म्हणाली. अनामत त्याच्यावरच अडकवतात. नियम.

आमच्याकडे खातं दोघांचं आहे, पण कार्ड हिचं एकटीचं. मीच नको म्हणालो होतो. आकडे विसरेन, यंत्र कार्ड गिळून बसेल, मागे रांगेतली माणसं ओरडतील — नकोच ते! इतकी वर्षं कधी अडलं नाही. पगार झाला की हिला सांगायचं, बाकी सगळं ही बघायची.

ही बाहेर बाकावर पाय लांब करून बसली होती. सांगितलं. म्हणाली, "मग मलाच ड्रायव्हर दाखवा. एक पार्ट तरी नवा आहे माझा." आणि हसली. पण घरी येईपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

आता खरं लिहितो, इथे कोण वाचतंय! बाईने कार्ड परत केलं तेव्हा मला हायसं वाटलं. इतकं, की निघताना मी तिला दोनदा धन्यवाद म्हणालो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बँकेत जाऊन माझ्या नावाचं कार्ड काढायचं होतं. म्हटलं, गुडघा दुखतोय. दुखतोयच. थोडा.

८ नोव्हेंबर, शनिवार

धाकटीकडे राहणाऱ्या नर्सचा फोन. "यायचं असेल तर आता या." एवढंच बोलली.

ही माझ्याकडे बघत राहिली. मी उठून बूट घालायला लागलो. म्हणाली, "बँक बंद आहे आज." तेही मीच विसरलो! बूट घालून तसाच खुर्चीत बसून राहिलो. काढायचा धीर होईना. शुक्रवार मी फुकट घालवला. धाकटी त्या एका दिवसाने हुकली तर? ही मला काही बोलणार नाही. त्याचीच भीती वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

दार उघडायच्या आधीपासून बँकेबाहेर उभा. फॉर्म हिने भरला, सही मी केली. सही वेडीवाकडी आली, म्हणून पुन्हा करायला लावली. तीही तशीच आली. साहेब म्हणाला, "आजोबा, घाबरताय कशाला? कर्ज घेत नाही आहात." कार्ड घरी येईल म्हणाला, एक-दोन दिवसांत.

संध्याकाळी फोनवर धाकटी हिला एवढंच म्हणाली, "ताई, निघालीस का?" ही म्हणाली, "निघतेच आहे."

१२ नोव्हेंबर, बुधवार

कार्ड आलं. गुप्त आकडे पाठ केले. हिला म्हटलं, विचार मला. बरोबर आले. पुन्हा विचार म्हटलं, तर म्हणाली, "अहो, हळू! आता गल्लीलाही पाठ झाले."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी मिळाली. रविवारी दुपारपर्यंत परत द्यायची.

कागद हिने मला वाचून दाखवला. काउंटरवर नव्हे, कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसून, चष्मा नाकावर ओढून, हळू आवाजात. लोकांना वाटावं ही स्वतःसाठीच पुटपुटते आहे. काच आणि टायर विम्यात नाहीत हे आलं तेव्हा थांबून माझ्याकडे पाहिलं. सही केली. या वेळी बरी आली.

मग फोटो. चारी बाजू, चाकं, आरसे, टपसुद्धा. बाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, लग्नातसुद्धा नवरीचे इतके फोटो काढत नाहीत." मागच्या दाराखाली एक केसाएवढी रेघ सापडली. कागदावर लिहून घ्या म्हटलं. तिने बोट फिरवलं तर ती पुसली गेली. चिखल होता.

आणि मग खरी गंमत. गंमत कसली! आत बसलो, डावा पाय क्लच शोधतोय आणि क्लच नाहीच! गिअर आपोआप पडणारी गाडी. ठरवताना मी विचारलंच नव्हतं. गाडी म्हणजे क्लच असणारच, ते काय विचारायचं? दुसरी गाडी नाही, बाई म्हणाली. आवारातच फिरवून बघितली. वळण आलं, जन्माची सवय, डावा पाय उठला आणि क्लच समजून दाणकन ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी उभी! माझं कपाळ स्टिअरिंगच्या चाकावर आपटलं. ही आत नव्हती म्हणून बरं. घाटात असं झालं आणि मागे ट्रक असला तर? हिचा खुबा!

म्हटलं, मला नाही जमणार. गाडी परत देतो.

ही काठी टेकत आली, दार उघडलं, माझ्या शेजारी बसली. पट्टा लावला. माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. "हा पाय माझ्याकडे राहू द्या. तुम्ही दुसऱ्याने चालवा."

असेच घरी आलो. तीन वेळा पाय उठला. तीन वेळा चिमटा बसला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचलो! हात अजून चाक धरल्यासारखे वाकडे आहेत.

सकाळभर बरं चाललं होतं. माझ्या मागे गाड्यांची शेपटी लागली होती, सगळे भोंगे वाजवत होते, पण वाजवू देत. मग पुढच्या खडीच्या ट्रकमधून दगड उडाला. ठण्‌! काचेवर माझ्या डोळ्यांसमोरच चांदणी उमटली. मी किंचाळलो. चक्क किंचाळलो! गाडी कडेला घेतली आणि काचेला हात लावून बसलो, जसं काही माझ्या हाताने ती बुजणार होती. काच विम्यात नाही. बाई काय म्हणेल? चांदणीला पाय फुटले आणि अख्खी काच आत पडली तर? परत फिरू या म्हटलं, इथूनच परत फिरू या.

ही म्हणाली, "रस्ता दिसतोय का त्यातून?"

"दिसतोय."

"मग बघा त्याच्याकडे."

रागाने नाही. पण माझा गुडघा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तेव्हा कळलं, भीती मला एकट्याला वाटत नव्हती.

धाकटी आहे. आहे म्हणजे चादरीखाली आहे की नाही कळू नये इतकीच. पण मला बघून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आणलीत ताईला? मला वाटलं, ताईच ढकलत आणेल गाडी." बोलून धाप लागली. नर्सने गप्प बसायला सांगितलं तर तिलाही काहीतरी ऐकवलं.

बहिणी-बहिणी आत आहेत. मी बाहेर गाडीपाशी. चांदणी वाढली नाही. तीनदा बघितली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

धाकटीने मला एकट्याला आत बोलावलं. हिला पाणी आणायला पाठवून दिलं होतं.

म्हणाली, "भाऊजी, गेल्या कित्येक महिन्यांत मी रस्ता बघितलेला नाही. तपासणीला नेतात ते आडवं टाकून. जाताना गाडीचं छप्पर, येतानाही छप्पर. त्याच्यावर एक पिवळा डाग आहे, तो पाठ झालाय मला. मला एकदा पुढच्या सीटवर बसवून न्या."

"कुठे न्यायचं?"

"कुठे नाही. नुसता रस्ता बघायचाय."

म्हटलं, उद्या दुपारपर्यंत गाडी परत द्यायची आहे, पहाटे निघावं लागेल. म्हटलं, क्लच नाही त्या गाडीला, माझा पाय उठतो. म्हटलं, काचेला आधीच तडा आहे. गाडीत दोघांनीच बसायचं असं कागदावर आहे, असंही म्हणालो. खोटं! असलं काही कागदात नाही. खरं कारण तिच्या तोंडावर कसं सांगू? वाटेत माझ्या शेजारी तिचं काही झालं तर मी काय करू? परक्या गाडीत, परक्या रस्त्यावर, माझ्या हाताखाली!

ती म्हणाली, "बरं. राहू द्या." आणि तोंड भिंतीकडे केलं. तेवढं करायलाही तिला किती वेळ लागला.

ही दारात तांब्या घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. सगळं ऐकलं होतं. मी वाट बघितली की आता टोमणा मारेल, भित्रे कुठले म्हणेल. ही सरळ बहिणीच्या उशीशी जाऊन बसली आणि तिचे केस विंचरायला लागली.

जेवताना मला वाढलं, आणखी हवं का विचारलं. परक्याला विचारावं तसं.

सामान गाडीत ठेवलं आहे. वाटेत पंपावर टाकी भरून घ्यायची. पहाटे निघायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेट्रोल पंपावर बसून लिहितोय. दुपार उलटली. घराकडचा नव्हे, वरचा रस्ता आहे हा, पुढे कुठे जातो मला ठाऊक नाही. निघताना नर्स म्हणाली, "तुमच्या जबाबदारीवर." म्हटलं, हो, माझ्याच. धाकटी पुढे बसली आहे, दोन्ही बाजूंना उशा, खिडकीची काच खाली. ही मागे. आणखी एका दिवसाचं भाडं लागेल. लागू दे. आत्ताच काउंटरवरच्या बाईचा फोन आला, "काका, गाडी कधी येते?" म्हटलं, थांबा, विचारून सांगतो. धाकटीला विचारलं, कधी परतायचं? तिने नुसतं समोर बोट दाखवलं.