संत्र्याच्या बागेतला फोटो

भातकुली, फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळ

लिहायचं टाळत होतो. लिहिलं की ती बाग सापडत नाही हे कबूल करावं लागतं.

त्या दिवशी अकोल्याहून घरी येताना उगाच अंजनगावकडून आलो. नेव्हिगेशनची बाई सरळ जा म्हणत होती, पण संत्र्याच्या बहाराचा वास आला आणि मी गाडी आत वळवली. मग अजून आत. स्क्रीनवरचा रस्ताच संपला, निळा बाण नुसता पांढऱ्यात तरंगत राहिला. इतका सुंदर, की मी त्याचाही फोटो काढला.

बागेत एक मुलगी झाडांना पाणी देत होती. कॅमेरा बघून म्हणाली, "कावून जी, फोटोत वास येते काय?"

मी म्हटलं, "नाही येत."

"मंग माहाच काढा. पन आनून द्या बरं, नाईतं फोटो घेऊन पयून जासान."

काढला. मी भातकुलीचा, एवढं सांगितलं; तिचं नाव विचारायचं राहिलं.

माझ्या प्रत्येक फोटोचा नकाशावर ठिपका आहे, सेमाडोहच्या माकडाचासुद्धा. तिचा तेवढा नाही, अन् त्या बाणाचा. बॅटरी वाचवायला कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं होतं ना! परत जाऊन शोधलं, तर सगळ्या बागा सारख्याच. ती मला लबाड समजत असेल. म्हणून चैन पडत नाही? की तिला पुन्हा बघायचंय म्हणून? बघायचंय. बाण अजून डोळ्यांपुढं तरंगतोय...

आत्ता वहिनी दारातून सांगून गेली, "भाऊजी, अंगनात एक पोरगी आली. अंजनगावापासून फोटोवाल्याचं घर इचारत इचारत आली म्हनते. सोबत तिचा बाप बी हाय."