सासऱ्यांच्या क्लबाचा टॅग क्लाउड

३ मार्च २००६
बायको अजून माहेरीच. कारण क्षुल्लक. चहा घेणार का, असं तिनं विचारलं होतं. मी चहा आणि लोकशाही यावर चार शब्द बोललो. चहा आटला, पातेलं जळलं, ती बॅग भरून गेली.
सासऱ्यांचा बॉक्सिंग क्लब आहे. त्यांची वेबसाइट म्हणजे एक फोटो आणि एक फोन नंबर. शरमेची गोष्ट! ती मी नवी करून देणार. सासरे खूश, की बायको घरी.
निर्धार: क्लबात भाषण करायचं नाही.

४ मार्च
जुन्या वेबसाइटचा मुडदा पाडला. बॅकअप ठेवला नाही. क्रांती बॅकअप घेत नाही.

५ मार्च, दुपार
इंटरनेटवर लोगो बनवायचं फुकट यंत्र सापडलं. नाव टाइप करा, काचेसारखी चकचकीत अक्षरं मिळतात, खाली पाण्यात पडल्यासारखं प्रतिबिंब. कोपऱ्यात ‘बीटा’चा लाल बिल्लाही लावला.
सासरे म्हणाले, जावईबापू, क्लब बुडालेला का दाखवलाय? मेहुण्यानं बीटाचा अर्थ विचारला. अजून पक्कं झालेलं नाही, असं सांगितलं. त्यानं पंचिंग बॅगेवर असा ठोसा हाणला की छताचा पोपडा पडला. पक्कं आहे, म्हणाला.
अडाणी माणसं. भाषण छोटंच केलं.

८ मार्च
टॅग क्लाउड बसवला! वेबसाइटवर येणारा प्रत्येकजण क्लबाबद्दल एक शब्द लिहिणार. जो शब्द जास्त लोक लिहितील, तो पहिल्या पानावर मोठा होत जाणार. ना मालक, ना संपादक. जनता जनार्दन!

१० मार्च
सर्वांत मोठा शब्द: पळपुटे.
रस्त्यापलीकडच्या क्लबातली पोरं सकाळपासून तोच टाइप करताहेत. सासरे म्हणाले, काढून टाका. मी म्हणालो, जनतेचा गळा मी घोटणार नाही. मेहुण्यानं माझा घोटून दाखवला. शर्टाची दोन बटणं गेली, तत्त्व शाबूत.
बायकोचा फोन. बाबा जेवले नाहीत, आत्ताच्या आत्ता तो शब्द काढ, नाहीतर मी कायमची इथेच, असं म्हणाली. मी तिला समजावलं, की जमावाचं शहाणपण आपली चूक आपण सुधारतं. संध्याकाळपर्यंत थांब. तिनं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

११ मार्च, सकाळ
शब्द एवढा वाढलाय की फोन नंबर पडद्याबाहेर गेला. प्रतिसाद अफाट!

११ मार्च, संध्याकाळ
(डाव्या हातानं लिहितोय.)
मेहुण्यानं पलीकडच्या कोचचं नाक फोडलं. दहा मिनिटांत ती सगळी फौज आमच्या क्लबात. खुर्च्या उडाल्या. आरशावर एकाचं डोकं आपटलं, काचेवर रक्त. वेबसाइटसाठी क्लबात मांडलेला माझा मॉनिटर कुणीतरी कुणाच्यातरी पाठीत घातला. कीबोर्डवर एक दात येऊन पडला. सासऱ्यांनी या वयात दोघांना आडवं केलं.
अशा वेळी विचारवंतानं गप्प बसावं? रिंगमध्ये चढलो. मित्रहो, म्हणालो. सगळे थांबले. वाणीचं सामर्थ्य! हा शब्द तुम्ही सर्वांनी मिळून मोठा केला आहे, आणि तो वाढू देणारा मी आहे, असं ठणकावून सांगितलं.
दोन्ही क्लबांचं इतिहासात प्रथमच एकमत झालं. सगळे रिंगमध्ये चढले. पहिला ठोसा सासऱ्यांचा होता.

१३ मार्च
मोहीम फत्ते. बायको घरी परत आली.
जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेनं बांधलाय. तार निघेपर्यंत यांना एक शब्दही बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. एकही नाही का, असं तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग माहेरी जाऊन बॅग घेऊन आली.
तार कधी काढायची, हे डॉक्टर तिलाच विचारून ठरवणार आहेत.