तक्त्यात गाळलेली आत्या

१२ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या जनुकात दोष असल्याचा रिपोर्ट येऊन चार महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा शंभर बायकांत साठ-सत्तर जणींना कधी ना कधी स्तनाचा कॅन्सर होतो. तू म्हणतेस, मी उरलेल्या तिसात बसेन. बसमधली सीट आहे का ती, रुमाल टाकून धरायला?

त्यात घराण्याच्या तक्त्यात तू फक्त आईकडच्या बायका लिहिल्यास, कारण हा आजार आईकडूनच येतो अशी आपल्या घराची समजूत. आणि आत्या? ती पोटाच्या दुखण्यानं गेली म्हणून गाळली. मी तिच्या उशाशी होतो, ताई. अंडाशयाचा कॅन्सर होता. बाबांनी तो शब्द घरात उच्चारू दिला नाही, एवढंच. अर्ध्या तक्त्यावर काढलेला अंदाज काय चाटायचाय?

भावजींना नमस्कार. लोभ आहे, सध्या राग जास्त आहे.

तुझा भाऊ


२० तारीख

चि. भाऊरायास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

आत्याला तक्त्यात घातलं. बाईंनी नव्यानं हिशेब केला, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वर गेला. ते काढून टाकायचं ऑपरेशन लांबवू नका म्हणाल्या. तक्त्यात बायका गोल, पुरुष चौकोन. मग त्यांची पेन्सिल बाबांच्या चौकोनावरून खाली आली आणि तुझ्यावर थांबली. पुरुषांतही हा दोष उतरतो म्हणे, निम्मी शक्यता. तुझ्या चौकोनात प्रश्नचिन्ह आहे.

परीक्षा चुकवायची सवय तू कॉलेज सोडलंस तेव्हाच कळली होती. सायकली दुरुस्त करता करता समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीकडे बघत बसतोस, तिला हे सांगितलंयस? तू रक्त दे, मग मी ऑपरेशनची तारीख घेईन. आधी नाही.

माया आहे तशीच, रागासकट.

ताई


२९ तारीख

ती. ताईस,
शि. सा. न.

भावाशी सौदा करतेस, लाज नाही वाटत?

तिला एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, संपलं आता. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, सुई टोचताना ओरडणार असशील तर मी बाहेर उभी राहते. पण आतच आली. ओरडलो नाही. थोडासाच.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी. पावती सोबत जोडलीय, नीट बघ. आता नवी अट काढलीस तर मीच येऊन तारीख घेईन. आत्याच्या उशाशी बसलो तेवढं पुरे. तुझ्या उशाशी बसेन तो ऑपरेशननंतर, भांडायला.

तुझाच,
चौकोन