इमर्जन्सीचा लाल डबा

३ मार्च, सकाळी ९
आजपासून आपला दातांचा दवाखाना इमर्जन्सीसाठी सज्ज. लाल डबा भरला: इंजेक्शनं, शुगर तपासायचं मशीन, ग्लुकोज पावडर. ऑक्सिजनचा सिलिंडर वेटिंग रूममध्ये, लोकांना दिसायला हवा. दर सोमवारी ड्रिल, म्हणजे इमर्जन्सीची रंगीत तालीम. सिस्टर म्हणाल्या, कोणी काय करायचं ते वहीत लिहू. वही कशाला? माझं डोकं आहे.

१० मार्च
पहिलं ड्रिल. पेशंट मीच झालो. स्वतः खुर्चीत आडवं झाल्याशिवाय पेशंटचं दुःख कळत नाही. बेशुद्धी इतकी हुबेहूब वठवली की सिस्टर थक्क. त्या म्हणतात, घोरत होतात.

१७ मार्च
ड्रिल रद्द. अंगात त्राण नव्हतं. ग्लुकोज तपासून पाहिलं, चार चमचे. दर्जा उत्तम.

२४ मार्च
पुन्हा पेशंट मीच. सिस्टर म्हणाल्या, एकदा डॉक्टर होऊन बघा ना. म्हटलं, ते तर मला येतंच. ग्लुकोज परत तपासलं. नवीन आणायला हवं. आणतो.

२ एप्रिल, दुपारी २
आज सासऱ्यांची दाढ काढायची होती. त्यांना डायबेटिस. दहाला बोलावलं होतं, लगेच मोकळं करतो म्हणून. ते सकाळचं इन्सुलिन टोचून, नाश्ता न करता आले. मी बाहेर एका पेशंटला सिलिंडरचं महत्त्व समजावत होतो. सव्वाअकरा वाजले.
खुर्चीत बसल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. मला ओळखेनात. मी ग्लुकोजचा डबा उघडला. आत नुसता चमचा.
तो हातात धरून उभा राहिलो. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. सिस्टरांनी चहाची साखर पाण्यात ढवळून पाजली, शुगर तपासली, अँब्युलन्स बोलावली.
मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जरा बाजूला बसा."
बसलो. दहा मिनिटांनी सासऱ्यांनी मला ओळखलं.
"जावईबापू, चमचा कशाला धरलाय?"

७ एप्रिल
सासरे बरे आहेत. दाढ दुसरीकडे काढणार आहेत. हे बायकोने सांगितलं, माझ्याकडे न बघता.
सिस्टरांनी भिंतीवर ड्रिलचा तक्ता लावलाय. शुगर तपासणं: सिस्टर. ग्लुकोज: सिस्टर, कुलपात. फोन: सिस्टर. पेशंट: डॉक्टर.
खुर्चीत आडवा झालो.
आज झोप लागली नाही.