आबांना घेऊन लोणावळ्याला

१८ सप्टें., गुरुवार
कंपनीला सुट्टी. पहाटे पळायला निघताना बुटाची नाडी बांधत होते तर मागून आबा. "मी बी येतो."
कुठे म्हटलं. "तू जाती तितं."
आईचा हात पिठातच थांबला.
लायसन गेल्यापासून आबांनी उंबरा ओलांडला नव्हता. वीसेक वर्षं कंपनीची स्टाफ बस चालवली, तळेगाव एमआयडीसी ते लोणावळा. मग काचबिंदू. उजवा डोळा गेलाच. डाव्यानं नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं.
बापाला स्कूटीवर मागे बसवून नवलाख उंबरे गावच्या एमआयडीसी रोडला नेलं. रोज त्याच रस्त्यानं ड्युटीला जाते. आज चिटपाखरू नाही. माझा कोपर धरून चालले, मग पळायला लागले, मग कोपर सोडूनच दिला. कडेची पांढरी रेघ दिसते म्हणे, तिच्या धोरणानं निघाले. ढांगा माझ्याहून लांब. एक कुत्रं आडवं गेलं, ते दिसलंच नाही त्यांना. मी किंचाळले. हे हसतायत.
घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त.

२१ सप्टें.
लोणावळ्याच्या डिसेंबरातल्या १० किमी शर्यतीला मी नाव दिलंय हे आबांना कळलं. "माझं बी टाक."
आमच्या इंदुरीच्या मैदानावर सुभेदार काका पोरांना भरतीसाठी पळवतात, त्यांना विचारलं. म्हणाले, हात धरून पळाल तर दोघं पडाल. एक दोरी घ्या, एक टोक तुझ्या मनगटात, एक आबांच्या. आणि तू बोलत राहायचं. खड्डा, चढ, डावी, उजवी. तोंड बंद ठेवायचं नाही.
जुन्या बुटाची नाडी घेतली, दोन्हीकडे फास केले. आबांनी बोटांनी चाचपली आणि फेकून दिली. "बैल हाय का मी?"

२ ऑक्टो., दसरा
दरवर्षी आज आबा बस धुवायचे. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आम्हाला पेढा. आज सकाळपासून खाटेवर. बाहेर शेजारच्या टेम्पोची पूजा चाललेली, हॉर्न वाजला की मान तिकडे वळायची.
चार वाजता म्हणाले, "आन ती नाडी."
पूल ओलांडून तळेगावच्या बाजूला गेलो. चिखल, ट्रॅफिक. बोलून बोलून माझा घसा बसला. आबांचं परत येताना फक्त "उद्या?"

९ ऑक्टो.
भांडण. मी "डावी" म्हटलं की हे सरळ. मी "हळू" म्हटलं की जोर. म्हणे, "ह्या रोडवर वीस वर्सं काढली, तू मला रोड शिकवती?"
मी म्हटलं, तेव्हा तुम्हाला दिसत होतं.
बोलून गेले. बाकीचा रस्ता दोघंही गप्प. गप्प राहायचं नसतं, तरीही.

१६ ऑक्टो.
पडले.
एमआयडीसीत नवा स्पीडब्रेकर झालाय. मी आधीच ओरडले, ब्रेकर, पाय उचला. "हितं ब्रेकर न्हाई!" म्हणाले आणि तसेच गेले. दोरीनं मला पण ओढलं. माझा गुडघा, त्यांची हनुवटी. टाके पडले.
आई काही विचारेना. हळद लावताना एवढंच, "डोळं गेलं, आता हातपाय मोडून घ्या. बापलेक दोघं बी."
रात्री जेवताना आबा ताटाकडे तोंड करून म्हणाले, "ब्रेकर कवा केला?"
गणपतीनंतर, मी म्हटलं.
"मला काय म्हाईत." आणि मग, "इथनं पुढं तू सांगशील तसं."

२४ ऑक्टो.
पुण्याला डॉक्टर मॅडमकडे. डाव्या डोळ्याचं प्रेशर वाढलंय. थेंब आता पुरत नाहीत, ऑपरेशन करू, नोव्हेंबरअखेरची तारीख देते म्हणाल्या.
आबा: मग दिसंल?
त्या: गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचा प्रयत्न.
आबा: टिकंल?
त्या: बहुतेक.
मग व्यायाम कधी, वजन कधी उचलायचं, सगळं विचारून झालं. ऑपरेशननंतर दोन महिने पळणं बंद. आबांनी तारीख डिसेंबरात ढकलता येईल का विचारलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चालेल असं मी म्हणणार नाही. रोज थेंब टाका, दर आठवड्याला प्रेशर बघू. वाढलं तर मी थांबणार नाही."
स्टँडवर चहा घेताना, "तुज्या आईला ह्यातलं काय सांगू नको."

२७ ऑक्टो.
सांगितलं. नाही राहवलं.
आईनं शांतपणे ऐकलं. पळाल्यानं डोळा जातो का, विचारलं. पळाल्यानं नाही, ऑपरेशन लांबवल्यानं जाऊ शकतो, असं मी म्हटलं.
"मंग तू न्हाई म्हन. तू न्हाई म्हनलीस तर त्येंना पळता येनार हाय का?"
खरंय. दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे आहे.
आबा ओसरीवर होते, सगळं ऐकलं असणार. मला बोलावून बसवलं. "घरात बसून जे काय थोडं दिसतंय ते काय बगायचं? भित्त? तिकडं पळताना वारं तरी लागतं तोंडाला." थोड्या वेळानं, "पन तू ठरव. मी तुला धरून हाय."
म्हणजे सगळं माझ्यावर.

३१ ऑक्टो.
मॅडमना फोन केला. ऑपरेशन शर्यतीनंतर लगेचच्या मंगळवारी, १६ डिसेंबरला. मधल्या काळात प्रेशर वाढलं तर शर्यत रद्द, आबांनी शब्द द्यायचा. आबांनी दिला.
आई माझ्याशी बोलत नाही. डबा भरते, झाकण जोरात लावते.

१३ नोव्हें.
छान पळालो. आंबीच्या बाजूनं पार पुढे. थंडी सुरू झालीय, भाताची कापणी झाली, खाचरं मोकळी. आता बोलायची एक लय जमलीय. "चढ आला, लहान. पाण्याचा पाइप. म्हशी. डावीकडून ट्रॅक्टर." मधेच आबांनी विचारलं, "म्हशी कुनाच्या?" मला कुठे माहीत. उभं राहून म्हशींमागच्या बाईला विचारलं तेव्हा पुढे निघाले.
प्रेशर ठीक.

२७ नोव्हें.
प्रेशर ठीक. आयोजकांचा फोन. दोरीनं पळणारी जोडी प्रथमच, जबाबदारी तुमची, सगळ्यात मागून सुरुवात करा. हो म्हटलं.
आबांना नवे बूट घेतले. दुकानात माप देताना, "रंग कंचा हाय?" निळा. "लय भडक न्हाई ना?"
समोर धरले होते मी.

९ डिसें.
प्रेशर वाढलं. बरंच.
मॅडमनी विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? आबांनी मान खाली घातली. कधीपासून? मीच हलवलं त्यांना. "झाले आठ-धा दिस."
मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. शुक्रवारी एक जागा आहे, शुक्रवारी करून टाकू. नाहीतर गोळ्या देते, पाच-सहा दिवस कदाचित दबून राहील, सोमवारी पहाटे दाखल व्हा. पण माझं मत शुक्रवार.
एसटीत आबांना सांगितलं. शब्द दिला होतात, म्हटलं. शुक्रवार.
"बरं."
एवढंच. सोमाटणं आलं. मग खिडकीकडे तोंड करूनच, "वैशे, ती पांढरी रेघ मला दिवाळीपासनं दिसत न्हाई."
मी म्हटलं, मग तुम्ही कशाच्या जोरावर पळत होतात?
"तू बोलत व्हतीस की."

१० डिसें.
सेकंड शिफ्टला गेले. मापाच्या गेजवर एकच पार्ट तीनदा मोजला, सुपरवायझरनं विचारलं बरं आहे ना.
आईला विचारलं, तू सांग. आई म्हणाली, "मी कवाच सांगितलंय. आता तुजं तू."
आबांचं ते "तू बोलत व्हतीस की" डोक्यातून जाईना, मॅडमना फोन करून सोमवार म्हटलं.  "गोळ्या चुकवू नका," म्हणाल्या.
चूक असेल तर माझी. मॅडमची नाही, आबांचीही नाही.

१४ डिसें., रविवार
लिहिण्याच्या अवस्थेत नाही, पण लिहिते.
पहाटे शेजारच्या जीपनं लोणावळा. आई आली नाही. आबांच्या खिशात रुमाल घातला, दारात उभी राहिली.
शाळेच्या मैदानावर स्पीकर, गर्दी, धुकं. आम्ही सगळ्यात मागे. सुटल्यावर बाजारपेठेत रस्ता अरुंद झाला, मागून उशिरा आलेली पोरं घुसली. कानात काहीतरी घातलेला एक जण आमच्या मधून गेला. दोरी त्याच्या पोटाला लागली, माझ्या मनगटातून निसटली. लोंढ्यानं मला पुढे नेलं. वळले तर धुकं आणि माणसंच माणसं. आबा! आबा! म्हणून ओरडतेय, आणि तिकडे सगळेच ओरडतायत, ढोल वाजतोय.
उलट्या दिशेनं पळाले. शिव्या खाल्ल्या.
आबा रस्त्याच्या मधोमध उभे. हात खाली, नाडी मनगटाला लोंबकळतेय, माणसं दोन्ही अंगांनी जातायत. हाक नाही, काही नाही. मी हात धरला तर थंडगार.
"इंजन बंद करून हुबा ऱ्हायलो," म्हणाले. "तू येनार, म्हाईत व्हतं."
मी नाडी परत मनगटात अडकवली. 
घरी जाऊ या का, विचारलं. "भुशीचा चढ कुटं हाय?"
चढाला दम लागला दोघांनाही. चालत गेलो थोडं. धुक्यात मलाही दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, तरी बोलत होते. वळण. खडी. पाण्याचं टेबल. कुणीतरी "काका, भारी!" म्हणालं, आबांना राग आला. "काय भारी? पळायलोय." उताराला ते मोकळे सुटले, मी जवळपास फरपटत. हसत होते की रडत होते कळलं नाही. घामानं तोंड भिजलेलं.
शेवटाला बरीच माणसं घरी गेलेली. कमानीखालून गेलो.
"संपलं?"
संपलं.
"मंग वढती कशाला?"
मी अजून पळतच होते.
मेडल गळ्यात घातलं, त्यांनी ते दातानं चावून बघितलं. पोहे खाल्ले. इथपर्यंत सगळं चांगलं.
कामशेतच्या पुढे डोळा धरला. दुखतंय म्हणाले. मग जीप थांबवून उलटी. मग दुसरी. डोळा लालभडक. तसेच पुण्याला. मॅडम रविवारी सुट्टी सोडून आल्या, सुई दिली, प्रेशर उतरवलं, रात्रीच ऑपरेशन केलं.
पळण्यामुळे झालं का, विचारलं. "त्यामुळे असं नाही. कधीही झालं असतं. पण म्हणूनच शुक्रवार म्हटलं होतं."
आई संध्याकाळी आली, टेम्पोवाल्याबरोबर. मी सांगितलं होतं, असं म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

१५ डिसें.
पट्टी आहे. आबा झोपून. शेजारच्या खाटेवरचे आजोबा विचारत होते, कुठले? आबांनी सांगितलं, इंदुरी. काय करता? थोडं थांबून म्हणाले, "डायवर हाय."
आईनं मला वडापाव आणून दिला. स्वतः खाल्ला नाही.
मॅडम म्हणतात, उद्या पट्टी काढल्यावर कळेल. त्याआधी विचारू नका.

१६ डिसें.
बाहेर बाकावर बसून लिहितेय. आमच्या आधी दोघं आहेत.
आबा मधे, आई पलीकडे, मी अलीकडे. सकाळपासून तिघंही इकडचं तिकडचं बोलतोय. जीपवाल्याला डिझेलचं द्यायचं राहिलंय. भात कांडायला कोण नेणार.
आत्ता आईनं एकदम विचारलं, "काय दिसलंच न्हाई तर, अवो?"
एवढ्या महिन्यांत हे पहिल्यांदा कुणीतरी तोंडानं बोललं. मी आबांकडे बघू शकले नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.
"तर न्हाई," आबा म्हणाले.
 आत बाळ रडत होतं.
"जाताना मंडईत थांबायचं का? भाजी हाय का घरात?" आबांनीच विचारलं.
आई म्हणाली, "मेथी घ्यायचीय. आन् कांदं."
"मेथी बगून घे. मागच्या टायमाला पिवळी आनलीस."
आई पदरानं नाक पुसत हसली. आणि माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.
आमचं नाव घेतलं. आई आधी उठली.